समुद्र वर आणि जमीन खाली कशी?

गेल्या अंकात चीनच्या किनाऱ्यावरच्या जुन्या तटबंदीच्या शहरांवर मी दोन पानं लिहिली होती आणि सोबत मिंग राजवटीच्या काळातल्या एका किनारा-नकाशाचं चित्र छापलं होतं. त्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एवढे मेसेज आले की खरंच भरून आलं, कारण बहुतेक सगळे आपल्या दिग्रस, आर्णी, चांदूर बाजार, मंगरूळपीर इकडचे, जिथून समुद्र पाचशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि कित्येकांनी तो अजून पाह्यलेला पण नाही. सगळ्यांना उत्तर देणं जागेमुळं शक्य नाही, एकासारखे एक असलेले प्रश्न एकत्र करून घेतो.

प्रश्न : सर, मी एम.ए. इतिहास करते, गाव दिग्रस तालुक्यात. तुम्ही दिलेला नकाशा उलटा छापल्या गेला का? समुद्र वर, जमीन खाली, उत्तर कुठं आहे काही समजत नाही आणि स्केल तर नाहीच. असा नकाशा अभ्यासाला कसा काय चालेल?

ताई, नकाशा सरळच छापला आहे. तो तसाच काढलेला आहे, आणि त्याचं कारण काढणाऱ्यानंच सांगून ठेवलं आहे.

हा नकाशा ज्या प्रकारचा आहे त्यातलं सगळ्यात मोठं काम म्हणजे 1562 सालचं 'छोउहाय थूब्येन', म्हणजे किनारा संरक्षणाची सचित्र पोथीच म्हणा ना. 13 भाग आहेत. ते केलं झेंग रुओझेंग नावाच्या माणसानं, हू झोंगशियान नावाच्या मोठ्या अधिकाऱ्याच्या हाताखाली, आणि केव्हा केलं तर किनाऱ्यावर वोखोउ म्हणजे समुद्री लुटारूंच्या धाडी ऐन भरात होत्या तेव्हा. वोखोउ या शब्दाचा अर्थ जपानी लुटारू असा होतो, पण 1550 च्या सुमारास त्यांच्यात निम्म्याहून जास्त चिनीच लोक होते, सरकारनं समुद्री व्यापारावर बंदी घातल्यामुळं चोरव्यापारात आणि मग लुटीत पडलेले. ही बंदी 1567 मध्ये थोडी ढिली झाली.

तर झेंगचं म्हणणं असं, की चित्र काढताना जवळचं खाली आणि दूरचं वर काढायची पद्धत आहे, आपला मुलूख आपल्याजवळ आहे आणि परका मुलूख दूर आहे, म्हणून जमीन खाली आणि समुद्र वर. आता तुम्ही तो नकाशा हातात घेऊन उभ्या राहा, समजा तुम्ही चीनच्या फुजियान प्रांताच्या किनाऱ्यावरच्या ठाणेदार आहात. पाठीमागं गाव, पुढं पाणी, आणि शत्रू येणार तो समोरून, म्हणजे कागदाच्या वरच्या बाजूनं. नकाशा तुमच्या डोळ्यासमोर जसं आहे तसंच दाखवतो. उत्तर दिशा कुठं आहे याचं त्या माणसाला काही पडलेलं नव्हतं, गलबतं कुठून येतील याचं पडलेलं होतं.

आपल्याकडचंच बघा. माझे वडील कोतवाल होते, पटवाऱ्याच्या दप्तरातला गावनकाशा, मागून कापड लावलेला, मी लहानपणी तासन् तास बघत बसायचो. त्यात प्रत्येक वावराचा नंबर, धुरा, विहीर, नाला, पांदण सगळं होतं, पण मारुतीच्या देवळासमोरचा पार नव्हता जिथं सगळं गाव संध्याकाळी बसतं. मी वडिलांना विचारलं की पार का नाही, तर ते म्हणाले पारावर सारा लागते काय? एवढंच म्हणाले आणि मला ते आजपर्यंत पुरलं. जुना नकाशा हातात आला की पहिला प्रश्न 'हा बरोबर आहे का' असा नाही, पहिला प्रश्न 'हा कोणाच्या कामासाठी काढला' असा विचारायचा.

मग या किनारा-नकाशात काय काय सापडतं ते सांगतो. समुद्रभर लाटांच्या रेघा आहेत, बेटं आणि डोंगर बाजूनं बघितल्यासारखे काढले आहेत, आणि किनाऱ्यानं तटबंदीची ठाणी एकामागून एक. त्यांच्या नावापुढं 'वेई' किंवा 'सुओ' लिहिलेलं असतं, आणि यातच खरी माहिती भरलेली आहे. वेई म्हणजे मोठी छावणी, कागदोपत्री 5,600 शिपाई. एका वेईखाली पाच सुओ, प्रत्येकी 1,120, आणि त्या सुओखाली दहा लहान तुकड्या, प्रत्येकी 112. गुणून बघा, बरोबर बसते. म्हणजे नुसतं नाव वाचून सरकारनं तिथं किती माणूस धरला होता ते कळतं. प्रत्यक्षात सोळाव्या शतकापर्यंत ही संख्या फार घटली होती, शिपाई पळून गेले, छावणीच्या जमिनी दुसऱ्यांच्या घशात गेल्या, त्यामुळं नकाशावरचा वेई म्हणजे मंजूर पदं समजा, भरलेली पदं नाही. आपल्याकडं आरोग्य केंद्राच्या पाटीवर लिहिलेले डॉक्टर आणि खुर्चीत बसलेले डॉक्टर यात जो फरक असतो तोच.

ही ठाणी बरीचशी एकदमच बांधली गेली. मिंग घराण्याचा पहिला सम्राट होंगवू, त्यानं 1387 च्या आसपास तांग ह नावाच्या सेनापतीला झेजियांग प्रांताकडं पाठवलं, त्यानं 59 तटबंद्या उभारल्याची नोंद आहे, आणि त्याच सुमाराला झोउ दशिंग फुजियानमध्ये हेच काम करत होता. फुजियानमधलं चोंगवू नावाचं ठाणं त्यातलंच, ग्रॅनाइटच्या तटाचं, समुद्रात घुसलेल्या टोकावर, अजून जवळपास अख्खं उभं आहे. त्याचा तट मोबाईलवर सॅटेलाइटमध्ये स्पष्ट दिसतो, जरूर बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एकच नकाशा घेऊन बसू नका, वेगवेगळ्या सालचे दोन-तीन शेजारी ठेवा. फुजियानमध्ये मिंग सरकारचे पाच आरमारी तळ होते, सुरवातीला बेटांवर, म्हणजे शत्रू किनाऱ्याला लागायच्या आधी समुद्रातच अडवायचा असा विचार. पुढं त्यातले काही तळ मागं सरकले. वूयू बेटावरचा तळ उठवून किनाऱ्याजवळच्या श्यामेनच्या ठाण्यात आणला, कारण बेटावर राहणं कष्टाचं, रसद न्यायची पंचाईत. आणि मग त्याच रिकाम्या वूयूवर लुटारूंनी अड्डा केला. ही गोष्ट पोथीत वाचली की एक ओळ वाटते, पण दोन नकाशांवर ते एक नाव आधी समुद्रात आणि मग किनाऱ्याजवळ बघितलं की पोटात कालवते, कारण ती जागा सोडली म्हणजे काय सोडलं ते डोळ्याला दिसतं. स्केल नसलेल्या नकाशातून अंतर मोजायचा हट्ट सोडा, कोण कोणाच्या पुढं आहे, कोण कोणाला बघू शकतं, हे वाचा.

प्रश्न : शांघायला तटबंदी होती असं तुम्ही लिहिलं. मी चांदूर बाजारचा शेतकरी, मुलानं यूट्यूबवर शांघाय दाखवलं तर सगळ्या काचेच्या बिल्डिंगा. भिंत गेली कुठं? ती शोधता येते का?

भाऊ, येते, आणि तुमच्या जिल्ह्याच्या माणसाला तर लवकर येईल.

शांघाय 1292 ला तालुक्याचं गाव झालं आणि त्यानंतर अडीचशे वर्षं त्याला भिंतच नव्हती. 1553 मध्ये लुटारूंनी त्या गावावर पुन्हा पुन्हा धाडी घातल्या, जाळपोळ झाली, आणि त्याच वर्षी घाईघाईनं सुमारे 9 ली लांबीची भिंत बांधली. ली हे चिनी अंतराचं माप, साधारण अर्धा किलोमीटर, काळानुसार कमीजास्त. म्हणजे भिंतीचा घेर साडेचार-पाच किलोमीटर. लुटायला येत होते कारण गाव श्रीमंत होतं, आणि श्रीमंत कशानं होतं तर कापसानं. शांघाय आणि आजूबाजूचा सोंगजियांग हा सगळा कापूस पिकवणारा आणि कापड विणणारा पट्टा होता.

आता अमरावतीचा परकोट आठवा. कापसाची पेठ, सावकार-व्यापाऱ्यांचा पैसा, पेंढाऱ्यांची भीती, म्हणून 1807 मध्ये निजामाच्या राज्यात दगडी परकोट, घेर सव्वादोन मैल, पाच दरवाजे, चार खिडक्या. अडीचशे वर्षांचं अंतर आणि मधात अख्खा हिमालय, पण कारण तेच. मी जेव्हा पहिल्यांदा शांघायच्या भिंतीबद्दल वाचलं तेव्हा मला अमरावतीचं जवाहर गेटच दिसलं.

शांघायची भिंत 1912 ते 1914 मध्ये पाडली आणि तिच्या जागेवर, खंदक बुजवून, रस्ता केला. त्यामुळं आजच्या नकाशावर रेन्मिन रोड आणि झोंगह्वा रोड हे दोन रस्ते मिळून एक लांबट गोल दिसतो, बाकी सगळे रस्ते सरळ आणि हा मधातच वाटोळा. तो गोल म्हणजेच भिंत. तिचा एक तुकडा दाजिंग नावाच्या जुन्या देवळापाशी उरला आहे. आणि मेट्रोची दोन स्टेशनं बघा, लाओशीमेन म्हणजे जुना पश्चिम दरवाजा, श्याओनानमेन म्हणजे लहान दक्षिण दरवाजा. दरवाजे शंभर वर्षांपूर्वी गेले, नाव राहिलं. भिंत शोधायची असेल तर आधी गोल रस्ता शोधा, मग रस्त्याच्या आणि स्टेशनच्या नावात 'मेन' शोधा, मग जुना नकाशा उघडा. उलट्या क्रमानं गेलात तर हरवून जाल.

प्रश्न : सर, मी आर्णीला ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवतो, रिकाम्या वेळात क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर शिकलो. एक जुना चिनी शहराचा नकाशा गुगलच्या रस्त्यांवर बसवला, चार कोपरे जुळवले, पण सॅटेलाइट चालू केलं की सगळंच तीन-चारशे मीटर सरकलेलं दिसते. माझं कुठं चुकलं?

तुझं काही चुकलं नाही, दोन रात्री जागला असशील तर डोक्यातून काढून टाक. चीनमध्ये कायद्यानं सार्वजनिक नकाशे मुद्दाम सरकवून द्यावे लागतात, त्या पद्धतीला जीसीजे-02 म्हणतात, आणि सरकणं सगळीकडं सारखं नसतं, कुठं शंभर मीटर, कुठं पाचशेच्या वर. त्यामुळं गुगलवर चीनचे रस्ते एकीकडं आणि सॅटेलाइट फोटो दुसरीकडं. तू एक तर ओपनस्ट्रीटमॅप वापर, ते सरकवलेलं नाही, किंवा फक्त सॅटेलाइट फोटोवर बसव आणि रस्त्यांचा थर बंदच ठेव. दोन्ही मिसळू नको.

दुसरं, कोपरे जुळवू नको. कागदाचा कोपरा म्हणजे जमिनीवर काहीच नाही. जी वस्तू तेव्हा होती आणि आज पण त्याच जागी आहे ती धर: डोंगराचं शिखर, देऊळ, पूल, उरलेला दरवाजा. ग्वांगझोउला झेनहाय नावाचा पाच मजली बुरूज आहे, 1380 चा मूळ, पुढं अनेकदा दुरुस्त झाला पण जागा तीच, असा एक खुंटा मिळाला की बाकीचं ओळीत येतं. त्याच शहराचा 1860 चा नकाशा डॅनियल व्रूमन नावाच्या अमेरिकन मिशनऱ्यानं केलेला आहे, तो मोजून काढलेला असल्यामुळं बऱ्यापैकी बसतो, त्याच्यावर हात बसव. आणि चित्रासारखे नकाशे, वर सांगितले तसे समुद्र वर असलेले, ते ताणून ताणून बसवायला जाऊ नको, त्यांची सगळी मांडणी मोडते आणि हातात काही येत नाही. ते शेजारी ठेवून वाचायचे.

प्रश्न : एका जुन्या नकाशात किनाऱ्याला लागून दाखवलेलं गाव मी फोनवर शोधलं तर ते समुद्रापासून कितीतरी आत. नकाशा खोटा का गाव हललं?

(हा प्रश्न एका रिटायर्ड एसटी कंडक्टर काकांचा आहे. असाच प्रश्न आणखी दोघांनी विचारला.)

काका, गाव तिथंच आहे, समुद्र हटला. तुम्ही पैनगंगेच्या काठचे, तुम्हाला माहीत आहे की नदी एका काठाचं वावर खाते आणि दुसऱ्या काठाला गाळ टाकते. तेच फार मोठ्या मापात झालं. पीत नदी, जिला ह्वांग ह म्हणतात, ती 1128 पासून 1855 पर्यंत दक्षिणेकडं वळून जियांगसू प्रांताच्या किनाऱ्यानं समुद्राला मिळत होती. सातशे वर्षं पिवळा गाळ. अकराव्या शतकात फान झोंगयान नावाच्या अधिकाऱ्यानं समुद्राचं पाणी अडवायला तिथं लांबलचक बांध घातला होता, तो बांध आज समुद्रापासून कित्येक किलोमीटर आत आहे. यूनताय नावाचा डोंगर मिंग नकाशांत बेट म्हणून काढलेला असतो, अठराव्या शतकाच्या सुरवातीला तो जमिनीला चिकटला. 1855 मध्ये नदीनं काठ फोडला आणि उत्तरेकडं शांदोंगला गेली, तेव्हापासून जुन्या मुखापाशी उलटं, समुद्र जमीन खातो आहे.

म्हणून किल्ला आत आहे असं दिसलं की नकाशाला खोटं ठरवायची घाई करू नये. तैवानमध्ये डच लोकांनी 1624 ला बांधायला घेतलेला झीलंडिया किल्ला, जो 1662 ला झेंग चेंगगोंगनं, म्हणजे युरोपियन लोक ज्याला कोक्सिंगा म्हणायचे त्यानं, वेढा घालून घेतला, तो डच नकाशांत खाजणाच्या तोंडाशी वाळूच्या पट्टीवर आहे. ते खाजण एकोणिसाव्या शतकात गाळानं भरलं आणि आज तिथं आजूबाजूला शहर आणि मत्स्यशेतीची तळी आहेत. नुसता आजचा नकाशा पाह्यला तर असा प्रश्न पडतो की इथं किल्ला कशाला बांधला असेल. जुना नकाशा पाह्यला की कळते, कारण त्या तोंडातून आत गेल्याशिवाय जहाजाला दुसरी वाटच नव्हती.

आणि एक. झेंग चेंगगोंगला किनाऱ्यावरून धान्य आणि माणूस मिळू नये म्हणून मिंगनंतर आलेल्या छिंग सरकारनं 1661 पासून किनाऱ्यालगतची गावंच्या गावं आत हलवली, घरं जाळली, हद्द आखली, तिच्या पलीकडं सापडला तर जीव जायचा. त्या काळच्या नकाशावर किनारा ओसाड दिसला तर तिथं आधीपासून कोणी राहत नव्हतं असं समजू नका. धरणात गाव गेलेल्या माणसाला हे मला जास्त समजावून सांगावं लागणार नाही.

प्रश्न : इंग्रजांनी केलेले चीनचे नकाशे चांगले का चिनी लोकांनी केलेले?

दोन्ही अर्धे. 1840 च्या दशकात कॉलिन्सन आणि केलेट या इंग्रज आरमारी अधिकाऱ्यांनी चीनचा किनारा मोजला, त्यांच्या नकाशांत पाण्यावर आकडेच आकडे, कुठं किती फॅदम खोल, एक फॅदम म्हणजे सहा फूट, आणि जमीन मात्र बरीचशी कोरी, दिसेल तो डोंगर आणि बुरूज खुणेपुरता. जहाज रुतू नये म्हणून काढलेले ते नकाशे. चिनी संरक्षण नकाशांत उलटं, कोणतं ठाणं कोणाच्या ताब्यात, एकापासून दुसरं किती ली, ते सगळं लिहिलेलं, खोली जवळपास नाहीच.

हूमेनचं उदाहरण घ्या, ग्वांगझोउकडं जाणाऱ्या नदीचं मुख. अ‍ॅडमिरल ग्वान थ्येनपेइनं तिथं एकामागं एक अशा तीन ओळींत किल्ले धरले होते, तोफांची तोंडं पाण्याकडं, जहाज मधून जाईल आणि दोन्हीकडून मार बसेल असा हिशोब. पहिल्या अफूयुद्धात, जानेवारी 1841 मध्ये, इंग्रजांनी तिथल्याच एका किल्ल्याच्या बाजूला सैन्य जमिनीवर उतरवलं आणि मागच्या टेकडीवरून आले. 26 फेब्रुवारीला ग्वान हूमेनलाच लढताना मारला गेला. दोन्ही बाजूंचे नकाशे शेजारी ठेवले की एकाला फक्त पाण्याची वाट दिसत होती आणि दुसऱ्यानं खोली मोजून कुठं माणूस उतरवता येईल ते आधीच बघून ठेवलं होतं, हे समजते. एकच नकाशा ठेवला असता तर अर्धीच लढाई दिसली असती.

प्रश्न : सर मी आठवीत आहे. मला चिनी येत नाही, तरी मी असे नकाशे वाचू शकते का? आणि ते फुकट कुठं मिळतील?

बाळा, वाचू शकतेस. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या वेबसाइटवर जुने चिनी किनारा-नकाशे आहेत, फुकट, आणि इतके मोठे करता येतात की कागदाची घडी पण दिसते. नेट सकाळी लवकर बरं चालतं, तेव्हा डाउनलोड करून ठेव.

सुरवातीला तीनच अक्षरं शीक. एक, नुसता चौकोनी डबा, त्याला 'खोउ' म्हणतात, अर्थ तोंड, म्हणजे नदीचं मुख किंवा बंदर. दुसरं, खालून आडवी रेघ आणि वर तीन उभे सुळे, मधला उंच, ते 'शान', डोंगर. तिसरं सगळ्यात सुंदर, दोन झडपांचा दरवाजा समोरून काढल्यासारखं, वर दोन चौकटी आणि खाली दोन खांब, ते 'मेन', दरवाजा. श्यामेन, हूमेन, आओमेन म्हणजे मकाव, या सगळ्या नावांत तो दरवाजा आहे, कारण समुद्राकडून आत यायची ती दारंच होती आणि दारावर पहारा ठेवावा लागतो.

एक ठाणं निवड, मी म्हणेन श्यामेन घे. वहीत तारखेसह लिही की दरवाजाचं अक्षर किती ठिकाणी सापडलं आणि त्याच्या जवळ डोंगर आहे का बेट, आणि ती वही मला फोटो काढून पाठव.